शिसेविरहित किरणरोधक काच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्स-रे सेंटर चालवणारे, एमएस्सीला काचेवर प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी आणि काचेच्या धंद्यातली मंडळी या विषयावर साधारण तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: शिशाशिवाय किरण अडवणं तितकं कठीण नाही. कठीण आहे ते तशी काच मोठ्या मापात, स्वच्छ आणि टिकाऊ ओतणं.

मुळात काचेत शिसं घालतातच कशाला?

शिशाचा अणुक्रमांक ८२ आणि शिशाच्या ऑक्साइडची घनता ९.५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. क्ष-किरण आणि गॅमा किरण अडवायला जड अणू हवेत आणि ते दाटीवाटीने बसलेले हवेत. शिशात दोन्ही गुण आहेत. रॉंटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरणांवर लिहिलेल्या पहिल्याच निबंधात सारख्या जाडीच्या दोन काचांची नोंद आहे: शिसं असलेली काच हे किरण बिनशिशाच्या काचेपेक्षा खूपच कमी जाऊ देते.

पण शिशाचं राज्य टिकलं ते काचेच्या कारागिरीमुळे. वजनाच्या ७० टक्क्यांपर्यंत शिशाचं ऑक्साइड घातलं तरी काच पारदर्शक राहते, स्फटिक धरत नाही आणि भट्टीचं तापमानही खाली येतं. शुद्ध वाळू वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं, शिशाची काच त्याच्या कितीतरी खाली ओतता येते. इतकं समजूतदार दुसरं जड मूलद्रव्य अजून सापडलेलं नाही.

आमच्या सेंटरमध्ये लेड ग्लासची खिडकी आहे. तिच्यातून शिसं बाहेर येतं का?

नाही. भिंतीत बसवलेल्या अखंड काचेतलं शिसं काचेच्या अणूंच्या जाळ्यात बांधलेलं असतं. खिडकीसमोर उभं राहून कुणाला शिशाची बाधा होत नाही. उगाच घाबरून चांगली खिडकी उखडू नका.

मग शिसं काढायचा खटाटोप कशासाठी?

कारण खिडकी बसवण्याआधी आणि काढल्यानंतरही ते शिसं कुठेतरी असतं. मिश्रण तयार करताना उडणारी पूड, भट्टीतून निघणारी वाफ, काच कापताना आणि घासताना निघणारा चुरा हे सगळं कामगाराच्या फुप्फुसात जातं. काच भंगारात गेली, फुटली, आम्लधर्मी पाण्यात पडून राहिली की शिसं हळूहळू झिरपतं. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कायद्याचा दबाव मात्र समजतात तितका नाही. युरोपच्या २०११ च्या घातक पदार्थांवरील निर्देशात विद्युत उपकरणांतल्या शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, पण किरणोत्सारापासून संरक्षणासाठी वापरलेल्या शिशाला त्यातून सूट आहे. म्हणजे ‘उद्या लेड ग्लासवर बंदी येणार’ असं सांगून कुणी काच विकत असेल, तर त्याला सूट केव्हा संपते ते विचारा.

शिशाशिवाय काच किरण खरंच अडवते का?

अडवते, पण कोणते किरण, हे आधी ठरवावं लागतं. त्याशिवाय या प्रश्नाला अर्थ नाही.

प्रत्येक मूलद्रव्याच्या अगदी आतल्या इलेक्ट्रॉनांना उचकटायला ठरावीक ऊर्जा लागते. किरणाची ऊर्जा त्या उंबरठ्याच्या वर गेली की शोषण एकदम कित्येक पट उडी मारतं. या उंबरठ्याला के-कडा म्हणतात. बेरियमची के-कडा ३७.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला (पुढे नुसतं केईव्ही), टंगस्टनची ६९.५ ला, शिशाची ८८ ला आणि बिस्मथची ९०.५ ला आहे.

आता रुग्णालयातला एक्स-रे घ्या. ट्यूबवर ८० ते १०० केव्ही (किलोव्होल्ट, म्हणजे विद्युतदाब) असलं तरी निघणारे बहुतेक किरण ४० ते ७० केईव्हीच्या पट्ट्यात असतात. म्हणजे शिशाच्या के-कडेच्या खाली आणि बेरियमच्या वर. ६० केईव्हीला एक ग्रॅम शिसं जितकं अडवतं त्यापेक्षा एक ग्रॅम बेरियम जास्त अडवतं: शिशाचा वस्तुमान-क्षीणन गुणांक (ग्रॅममागे किरण किती अडतात याचं माप) सुमारे ५, बेरियमचा सुमारे ८.५. ज्या कामासाठी शिसं सर्वाधिक विकलं जातं, नेमक्या त्याच पट्ट्यात ते थोडं अडखळतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

पण १०० केईव्हीला बाजी उलटते. शिसं आपली कडा ओलांडून ५.५ वर पोचतं आणि बेरियम २.२ वर घसरतं. ३० केईव्हीलाही शिसं तिप्पट सरस. शिवाय हे सगळं प्रति ग्रॅम आहे. काचेत बेरियमचे ग्रॅम दाटीने बसत नाहीत, बेरियमची काच साधारण ३ ते ३.५ घनतेची, तर जड लेड ग्लास ५ च्या पुढे.

म्हणून जाणकार एकाच मूलद्रव्यावर विसंबत नाहीत. बेरियम मधला पट्टा सांभाळतो, बिस्मथ किंवा टंगस्टन वरचा. बिस्मथ तर आवर्तसारणीत शिशाचा शेजारी, अणुक्रमांक ८३. अडवण्याच्या बाबतीत दोघांत डावंउजवं करणंही कठीण.

आणि गॅमा किरण?

तिथे के-कडेची चलाखी चालत नाही. सीझियम-१३७ चे किरण ६६२ केईव्हीचे, कोबाल्ट-६० चे ११७३ आणि १३३२ केईव्हीचे. या ऊर्जेला किरण मुख्यतः इलेक्ट्रॉनांवर आपटून विखुरतात आणि कुठलं मूलद्रव्य यापेक्षा किती दाटी याला महत्त्व येतं. सीझियमचे किरण निम्मे करायला लागणारी जाडी, अरुंद झोतासाठी, ढोबळ हिशेबाने अशी येते: घरातली साधी काच साडेतीन सेंटिमीटर, ३.५ घनतेची बेरियम काच अडीच सेंटिमीटरच्या थोडी वर, ५.२ घनतेची लेड ग्लास १.३५ सेंटिमीटर, नुसतं शिसं अर्ध्या सेंटिमीटरच्या जरा वर. बिस्मथ ठासून भरलेली ६ घनतेची काच लेड ग्लासच्याही पुढे जाते. बेरियमची काच इथे हरते.

म्हणून ‘आमची काच शिशाइतकीच चांगली’ असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न: किती केईव्हीला?

मग साधी जाड काच लावली तर?

मॅमोग्राफीच्या २५ ते ३५ केव्हीला साधी काचही बरंच काही अडवते. सीटी स्कॅन किंवा कॅथलॅबसाठी (क्ष-किरणांखाली हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायची खोली) हा विचार सोडून द्या.

पूर्वी कधी बिनशिशाची काच या कामाला वापरली गेली आहे का?

तुमच्या दिवाणखान्यात होती! जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत २५ ते ३० केव्हीचा इलेक्ट्रॉन झोत पडद्याच्या आतल्या बाजूवर आपटायचा आणि त्यातून क्ष-किरण निघायचे. ट्यूबच्या मागच्या नरसाळ्याच्या काचेत वीस-बावीस टक्के शिशाचं ऑक्साइड असे. पुढच्या पडद्यात मात्र शिसं टाळून बेरियम आणि स्ट्रॉन्शियम घालत, कारण झोताच्या माऱ्याने शिशाची काच तपकिरी पडते आणि तपकिरी पडद्यावर मालिका कोण बघणार? स्ट्रॉन्शियमची के-कडा १६ केईव्हीला आहे, टीव्हीतल्या मऊ किरणांना अगदी साजेशी. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचा अशा ट्यूबच्या काचेचा कारखाना भरूचजवळ होता.

म्हणजे ऊर्जा बघून मूलद्रव्य निवडायचं, ही युक्ती कोट्यवधी घरांत बिनबोभाट चालून गेली आहे. आजचे शोधनिबंध तिचा उल्लेखही क्वचित करतात, हे मला जरा नवलाचं वाटतं.

आणखी एक नमुना अणुकेंद्रांतला. गेल्या शतकाच्या मध्यात हॉट सेलच्या (अतिकिरणोत्सारी वस्तू बाहेरून हाताळायच्या जाड भिंतींच्या बंद खोलीच्या) काही खिडक्यांत दोन काचांच्या मध्ये झिंक ब्रोमाइडचं दाट द्रावण भरत. घनता सुमारे २.५. द्रावणाची खिडकी गळाली की काय होत असेल, याची कल्पना करा.

शिशाच्या जागी कोणकोणती ऑक्साइडं वापरतात?

बिस्मथ सगळ्यांचं लाडकं. ऑक्साइडची घनता ८.९, वितळणबिंदू ८१७ अंश, विषारीपणा कमी. पोटाच्या औषधांतही बिस्मथची संयुगं असतात. तोटे भट्टीत कळतात, त्याबद्दल पुढे. गंमत अशी की बिस्मथ मुख्यतः शिसं शुद्ध करतानाच उपउत्पादन म्हणून मिळतं. शिशाचे कारखाने बंद झाले तर शिशाला पर्यायही महाग होईल.

बेरियम स्वस्त आहे आणि भारतात भरपूर आहे. आंध्र प्रदेशातल्या मंगमपेट इथला बराइटचा, म्हणजे बेरियमच्या खनिजाचा, साठा जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. माझं मत विचाराल तर आपल्याकडे आधी बेरियमच्या काचेवर मेहनत घ्यायला हवी, निदान साध्या एक्स-रे रूमसाठी. मात्र शिसं नाही म्हणजे विष नाही, असं समजू नका. बेरियम सल्फेट रुग्णाला पाजतात, पण काचेच्या मिश्रणात पडणारं बेरियम कार्बोनेट उंदीर मारायला वापरलं गेलेलं आहे.

टेल्युरियमची काच कमी तापमानाला होते आणि सुंदर होते, पण टेल्युरियम महाग. टंगस्टन, लॅन्थॅनम, गॅडोलिनियम हे बहुधा जोडीला येतात. चीनने फेब्रुवारी २०२५ मध्ये टंगस्टन, टेल्युरियम आणि बिस्मथ या तिन्हींच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं, त्यामुळे या यादीचा अर्थशास्त्रीय भाग पुन्हा तपासावा लागतो.

ही सगळी जड ऑक्साइडं नुसती उभी राहत नाहीत. त्यांना धरून ठेवायला बोरॉन, सिलिका किंवा फॉस्फेटचं जाळं लागतं. बोरेट काच वितळायला सोपी, पण अनेक मिश्रणं हवेतला ओलावा ओढतात. कोकणातल्या पावसाळ्यात अशा काचेवर चार महिन्यांत काय बसेल ते वेगळं सांगायला नको.

प्रयोगशाळेत ही काच कशी करतात?

पूड तोलायची, अकीकाच्या खलात घोटायची, मुशीत घालून साधारण ९०० ते १२०० अंशांवर वितळवायची, आधी तापवलेल्या पितळी किंवा पोलादी साच्यात ओतायची आणि लगेच दुसऱ्या भट्टीत हळूहळू थंड करायची. हे शेवटचं ॲनिलिंग चुकलं तर काच आतल्या ताणाने तडकते. मग आर्किमिडीजच्या पद्धतीने घनता, एक्स-रे विवर्तनाने स्फटिक नाहीत ना याची खात्री, पारदर्शकता, आणि शेवटी किरणस्रोत व शोधक यांच्यामध्ये ठेवून क्षीणन.

शोधनिबंध ढिगाने निघतात, मग बाजारात अशी काच का दिसत नाही?

हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर निबंधांच्या निष्कर्षात सहसा नसतं.

एक तर निबंधातली काच एक-दोन सेंटिमीटरची चकती असते. एक्स-रे रूमची खिडकी फूट-दोन फुटांची. चकती काही सेकंदांत थंड होते, म्हणून स्फटिक धरत नाहीत. मोठा पाट थंड व्हायला तास किंवा दिवस लागतात आणि तेवढ्यात बेरियमने भरलेलं मिश्रण आतून दुधाळ होऊ लागतं. जे मिश्रण चकतीत आरशासारखं चमकतं ते पाटात चिनीमातीसारखं दिसू शकतं.

दुसरं, मूस. वितळलेला बिस्मथ भयंकर खादाड. ॲल्युमिनाची मूस तो हळूहळू विरघळवतो, त्यामुळे काचेत न घातलेलं ॲल्युमिनियम येतं. प्लॅटिनमची मूस वापरावी तर तापमान वाढल्यावर बिस्मथ ऑक्साइडमधला काही भाग धातूत बदलतो आणि हा धातू प्लॅटिनमशी मिश्रधातू करून त्याला भोक पाडतो. प्लॅटिनमचा भाव बघता असा प्रयोग एकदाच होतो.

तिसरं, रंग. तोच धातुरूप बिस्मथ काचेला पिवळट, तपकिरी, कधी चक्क काळी करतो. तापमान खाली ठेवणं, नायट्रेट किंवा सिरियमसारखं ऑक्सिडीकारक घालणं असे उपाय आहेत. पण तापमान खाली ठेवलं की बुडबुडे निघत नाहीत आणि काच एकजीव होत नाही. खिडकीतून रुग्ण दिसला पाहिजे, तोही सरळ दिसला पाहिजे. काचेत प्रवाहाच्या रेघा राहिल्या की पलीकडचा माणूस वाकडा दिसतो.

चौथं, जड ऑक्साइडांची काच मऊ असते. ओरखडे पटकन पडतात, उष्णतेने जास्त प्रसरण पावते, अचानक गार-गरम सोसत नाही. आणि रुग्णालयात काच रोज जंतुनाशकाने पुसली जाते. ‘पुसून पाहिली’ असं एखाद्या निबंधात वाचायला मिळालं तर मला आनंद होईल.

शेवटी किंमत. शिशाची काच ओतणारे कारखाने दशकानुदशकं तेच करत आले आहेत. त्यांच्या भट्ट्या, विटा, साचे सगळं शिशासाठी बेतलेलं.

सॉफ्टवेअरने काढलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवावा का?

अमेरिकेच्या मानक संस्थेची एक्सकॉम ही माहितीपेढी किंवा तुर्की संशोधकांनी २०२० मध्ये आणलेलं फाय-एक्स हे साधन, दोन्ही चांगली आहेत. पण ती मिश्रणाच्या प्रमाणावरून गणित करतात. वस्तुमान-क्षीणन गुणांक काच वितळवण्याआधीच माहीत असतो; काच करून खरोखर नवीन कळते ती घनता. ज्या निबंधात दहा आलेख संगणकाचे आणि काचेचा फोटो एकही नाही, तो काचेवरचा निबंध नव्हे. भट्टीत बोरॉन, टेल्युरियम, बिस्मथ थोडे उडून जातात, मूस विरघळते, म्हणून तयार काचेचं रासायनिक विश्लेषण केलेलं असावं. ते नसेल तर गणित कोणत्या काचेचं आहे हेच ठरत नाही.

मोजमापात फसगत कुठे होते?

बारीक झोतावर मोजलेली काच नेहमी चांगली दिसते, कारण विखुरलेले किरण शोधकापर्यंत पोचतच नाहीत. बिनशिशाच्या पदार्थांत आणखी एक खोच आहे. बेरियमसारखं मूलद्रव्य किरण शोषून स्वतःचे ३२ केईव्हीच्या आसपासचे किरण सोडतं आणि त्यातले काही मागच्या बाजूने बाहेर येतात. हलक्या ॲप्रनमध्ये हे जास्त जाणवतं, जाड काचेत कमी. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६१३३१ क्रमांकाच्या मानकात २०१४ मध्ये रुंद झोतावर, शोधक पदार्थाला अगदी लगटून मोजण्याची पद्धत आली ती यासाठीच.

किरणांनी काच तपकिरी का होते?

किरणांनी सुटलेले इलेक्ट्रॉन काचेतल्या दोषांत अडकतात आणि तिथे रंगकेंद्रं तयार होतात. एक-दोन टक्के सिरियम ऑक्साइड घातलं की ते इलेक्ट्रॉन सिरियम पकडतो आणि काच स्वच्छ राहते, फक्त किंचित पिवळट. एक्स-रे रूमच्या खिडकीला किरणांची एवढी मात्रा मिळतच नाही. हा प्रश्न हॉट सेलचा.

न्यूट्रॉन अडवायला काय?

इथे शिसं जवळजवळ निरुपयोगी आणि बोरेट काच वरचढ. निसर्गातल्या बोरॉनमध्ये सुमारे २० टक्के असणारा बोरॉन-१० मंद न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतो, गॅडोलिनियम तर त्याहून कितीतरी जास्त. गॅमा आणि न्यूट्रॉन दोन्ही असलेल्या जागी बिस्मथ-बोरेट काचेला म्हणूनच अर्थ आहे. बोरॉन न्यूट्रॉन गिळल्यावर ४७८ केईव्हीचा गॅमा सोडतो, तो हिशेबात धरायचा.

भारतात यावर काम होतं का?

जड किरणरोधक खिडक्यांची काच कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने अणुऊर्जा खात्यासाठी विकसित केली. ती शिशाचीच, कारण हॉट सेलला ती घनता हवी. बिनशिशाच्या बाजूला अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाचं काम जुनं आहे. तिथून २००८ मध्ये बेरियम, बोरेट आणि औष्णिक वीजकेंद्राची राख यांपासून केलेल्या किरणरोधक काचेवर निबंध निघाला. थायलंडच्या नाखोन पाथोम राजभट विद्यापीठात भाताच्या तुसाच्या राखेतली सिलिका वापरून काचा केल्या गेल्या.

राखेची कल्पना आकर्षक आहे आणि चंद्रपूर, कोराडीकडे राखेची कमतरताही नाही. पण राखेत लोह असतं आणि लोह काचेला हिरवट-तपकिरी करतं. खिडकीऐवजी पारदर्शक नसलेल्या फरशा किंवा विटा कराव्यात, असं माझं मत.

‘लेड इक्विव्हॅलन्स’ काय असतं?

अमुक काच किती मिलिमीटर शुद्ध शिशाइतकं अडवते, तो आकडा. बाजारातली १० मिलिमीटरची लेड ग्लास साधारण २ मिलिमीटर शिशाइतकी धरतात. बिनशिशाच्या काचेत हा आकडा केव्हीनुसार बदलतो: ८० केव्हीला छान दिसणारी बेरियम काच १४० केव्हीला उघडी पडते. म्हणून नुसता ‘२ मिमी’ असा शिक्का पुरेसा नाही, शेजारी केव्ही हवं.

नवं सेंटर काढतोय. बिनशिशाची काच घेऊ का?

साधा एक्स-रे किंवा डेंटल असेल आणि विक्रेता तुमच्या यंत्राच्या कमाल केव्हीला, रुंद झोतावर मोजलेला चाचणी अहवाल देत असेल तर जरूर विचार करा. काच जाड असेल, म्हणून चौकट आणि भिंतीतली खाच आधीच तशी ठेवा. काच आणि चौकट यांच्या फटीतून गळती होते ती काचेतून होणाऱ्या गळतीपेक्षा जास्त वेळा सापडते. सीटी, कॅथलॅब किंवा पेट स्कॅनसाठी सध्या लेड ग्लासच घ्या. पेटचे किरण ५११ केईव्हीचे, तिथे बेरियमच्या काचेचं काम नाही.

अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे मुंबईच्या अणुशक्तीनगरातल्या एईआरबीला, काचेत काय घातलंय यापेक्षा खोलीबाहेर किती किरण पोचतात याच्याशी कर्तव्य असतं. सर्वसामान्य माणसासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, किरणांसोबत काम करणाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०. परवान्याचा अर्ज ई-लोरा या संगणकप्रणालीवर होतो. काच बसवून झाली की सर्व्हे मीटर (किरण मोजायचं यंत्र) घेऊन खिडकीच्या चारही कडा तपासून घ्या, आणि तो अहवाल फाइलला लावा.

जुनी लेड ग्लास काढली तर तिचं काय करायचं?

फोडू नका, कटरने कापू नका, कचऱ्यात तर अजिबात टाकू नका. अखंड असेल तर दुसऱ्या सेंटरला चालते. शिशाची काच वयाने कमजोर होत नाही. तडकली असेल तर गुंडाळून, वर शिसं असल्याचं लिहून, घातक कचरा घ्यायला अधिकृत असलेल्या संस्थेकडे द्या.